पांढऱ्या गाडीवरचा निळा ओरखडा

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगतो. मावला गावातल्या एका शाळामास्तरवर आणि त्याच्या सत्तरी ओलांडलेल्या बापावर. पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात. करणारा मी, त्या ठाण्याचा फौजदार. पुढं मी नोकरी सोडली, आता लोकांना त्यांचे हक्क सांगणारी पत्रकं वाटतो. पण ती सकाळ अंगावरून उतरत नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी मावल्याजवळ कुणीतरी एका स्कूटरवाल्याला उडवून पळालं होतं. त्याचा पाय मोडला. धडकणारी गाडी कुणी पाहिली नव्हती. स्कूटर निळी होती, एवढंच हाती. वरून सारखी विचारणा, तपास कुठवर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. "मास्तर अंगणात ताडपत्री बांधून गाडी घासून राह्यला, साहेब. पोळ्याच्या दिवशीची स्कूटर त्यानंच उडवली असंल. तसंही या लोकायले गाडी कुठची झेपते!"

शेवटचं वाक्य मी नोंदवहीत लिहिलं नाही. विश्वास मात्र त्याच वाक्यावर ठेवला.

आम्ही गेलो. ताडपत्रीमागं मास्तर उकिडवा बसलेला. बादलीत साबणाचं पाणी, हातात घासायचा बारीक वॉटर पेपर, शेजारी टचअपच्या रंगाची इवलीशी बाटली आणि पॉलिशचं फडकं. गाडी नवी, पांढरी. मागच्या दारावर कमरेच्या उंचीला लांब ओरखडे, आणि एका ओरखड्यात अजून निळा रंग. माझ्या दृष्टीनं गुन्हा उघड झाला होता. पुरावा घासून नष्ट करताना आरोपी रंगेहाथ. गाडीसकट ठाण्यात आणला.

"काऊन लपून घासत होता?"

"लपून नाही, साहेब. बाबाले दिसू नये म्हणून. बैलाचं शिंग लागलं गाडीले."

माझा हवालदार खो खो हसला. "वा मास्टर! स्कूटर को बैल बना दिया!"

मीही हसलो.

मास्तरनं सांगितलं ते असं. त्याचा बाप जन्मभर एका शेतकऱ्याकडं सालगडी होता. दर पोळ्याला मालकाचे बैल सजवून दुसऱ्यांच्या दारी न्यायचा. या वर्षी त्यानं हातानं वाढवलेला बैल पहिल्यांदा पोराच्या दारी आणला, नव्या गाडीशेजारी उभा करून पुरणपोळी चारायला. म्हातारा पोळी आणायला आत गेला आणि बैलानं मान खाजवली ती गाडीच्या दारावर. मास्तरनं लगेच गाडीवर चादर टाकली. गॅरेजात नेली असती तर बापानं विचारलं असतं. म्हणून शाळेतून रजा काढून घरीच घासायला बसला.

"मले काय विचारायचं ते विचारा," मास्तर म्हणाला. "बाबाले नका बोलावू. हात जोडतो."

मला वाटलं, इथंच पाणी मुरतंय. जीप पाठवली.

म्हातारा आला तो चप्पल दाराबाहेर काढून. खुर्ची रिकामी होती. मी जमिनीकडं बोट केलं. तो बसला.

"तुझ्या बैलानं पोराची गाडी खरचटली, असं पोरगा म्हणतो. खरं का?"

म्हातारा पोराला म्हणाला, "कवा रे? मले नाही सांगितलं तू." मग माझ्याकडं वळून हात जोडले. "माह्याच बैलानं केलं असंल, साहेब. माहीच चूक झाली. पोराले सोडा."

बापाला कळू नये म्हणून पोरगा गुडघे मोडून घासत बसला होता. मी ते एका प्रश्नात सांगून टाकलं.

तरी सोडलं नाही. दुपारी पंचनाम्यासाठी गाड्या रंगवणारा एक रंगारी बोलावला. त्यानं फडक्याला थिनर लावून निळा रंग पुसला, नाकाशी नेला. "साहेब, स्कूटरचा रंग भट्टीत भाजलेला असतो, असा निघत नाही. हा डब्यातला ऑइलपेंट. आतून अजून चिकट आहे. अन् पोचा कुठंय? स्कूटर धडकली तर पत्रा आत जाईल ना!" मालकाच्या गोठ्यावर माणूस पाठवला. बैलाची शिंगं निळी रंगवलेली, उजव्याचं टोक खरवडलेलं, त्याला गाडीचा पांढरा रंग. तेव्हा कुठं दोघांना सोडलं.

आता माझी लाज ऐका. भैंसा गावात आमचं रंगाचं दुकान आहे. पोळ्याआधी शिंगांसाठी हाच निळा ऑइलपेंट मी शाळेत असल्यापासून गिऱ्हाइकांना मोजून दिलाय. तो बोटाला किती दिवस चिकटतो, हे त्या ठाण्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओरखड्याला बोटसुद्धा लावलं नाही. फोनवरचं ते वाक्य मला पुरलं होतं.

चार दिवसांनी बंपर मोडलेली एक पिकअप सापडली, चालकानं कबुली दिली. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतलीसुद्धा.

मास्तरकडं माफी मागायला गेलो तेव्हा गाडी चकचकीत होती, ओरखडा शोधूनही दिसेना. "बाबा आता गाडीत बसत नाही," तो म्हणाला. "म्हणतो, माह्यापायी अजून काही व्हईल."

एवढ्या वयाच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नसतं, जबाब त्याच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हे कायद्यात आहे, मी परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी गल्लीतली पंधरा-वीस माणसं जीपभोवती उभी होती, हवालदारानं आल्यावर सांगितलं. एकानंही हटकलं नाही, आणि कुणी हटकणार नाही हे मला माहीत होतं. त्याच जोरावर मी म्हाताऱ्याला उचलून आणवला.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या गल्लीत म्हाताऱ्याला न्यायला जीप आली तर आडवे व्हा, साहेबाला घरी येऊन विचार म्हणा. आणि तरीही नेलाच, तर त्याच्याबरोबर ठाण्यात जा आणि मोठ्यानं त्याच्यासाठी खुर्ची मागा.