बार मी भरायचे

इथे परदेशात, बेडोकला, आमच्या ब्लॉकखाली रानकोंबडे मोकळे फिरतात. माणसाची त्यांना भीती नाही. आमच्या डोंगरातला रानकोंबडा करड्या रंगाचा, पान वाजलं तरी दिसेनासा व्हायचा. माझे वडील त्याची शिकार करायचे, ठासणीच्या बंदुकीने. बंदूक त्यांच्या आजोबांच्या वेळची. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती.

रविवारी नात चित्रकलेच्या क्लासहून आली. मी आणि मुलगा तिला घ्यायला खाली गेलो होतो. समोरून कोंबडा गेला तसा मुलगा तिला सांगू लागला, "माझे आजोबा असा कोंबडा एका बारात पाडायचे. मामा बंदूक भरून द्यायचा."

नातीने माझ्याकडे बोट केलं. "आणि आजी?"

"आजी घरी. मसाला वाटत."

"बोअरिंग लाह, आजी!" इथल्या पोरांसारखं तिच्या बोलण्यातही 'लाह' येतंच.

ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे आणि कधी खोडून काढली नाही. पण नातीच्या मनात मी कायमची पाट्यापाशी बसून राहणार, हे मला सोसवेना.

"बार मी भरायचे," मी म्हणाले.

मुलगा हसला. "आई, मामा भरायचा. तो स्वतःच सांगतो."

"तुझा मामा गज नळीतच विसरला होता."

मग सांगावंच लागलं. दादाने घाईत बार ठासला आणि ठासायचा लोखंडी गज बाहेर काढलाच नाही. बाबांनी चाप ओढला. गज छर्‍यांबरोबर करवंदीच्या जाळीत गेला आणि कोंबडा ओरडत दुसरीकडे. नळी फुटली नाही हे नशीब. बाबा दादाला काही बोलले नाहीत. नवा गज करून आणला तो माझ्या हातात दिला. माझी शाळा चौथीनंतर तेव्हा नुकतीच सुटली होती. गावात मात्र ते 'पोराने भरली' असंच सांगायचे. दादाची लाज राहिली, आणि माझ्या लग्नाला कोणी नाक मुरडलं नाही.

नातीकडे चित्रांची पुठ्ठ्याची नळी होती. चित्रं मी मुलाच्या हातात दिली. "ही बंदूक. आधी दारू. मग काथ्याचा बोळा. आता गजाने ठासायचं." गजाच्या जागी तिला तिचीच पट्टी ठासायला दिली. "गज उसळून हातात परत आला की दारू बसली. मग छर्रे, वर पुन्हा बोळा. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी सगळ्यात शेवटी."

बार उडाला की बाबा पुढे बघतच बंदूक मागे करायचे. मी भरून दिली की तशीच खांद्याला लावायचे. माझ्या हातांकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. एवढा भरवसा त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकला नाही. माझा बार कधी फुकट गेला नाही, पावसाळी हवेतसुद्धा.

नातीने नळी खांद्याला लावून कोंबड्यावर धरली. "शूट करू, आजी?"

"गज काढलास का?"

तिने नळीत डोकावलं. पट्टी आतच होती.

"अगदी मामावर गेलीय!" मुलगा म्हणाला, आणि इतका हसला की कोंबडा झाडीत पळाला.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या बाई भेटल्या. माझ्या हातातल्या नळीकडे बघून त्यांनी विचारलं, "हे काय हो, काकू?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "बंदूक आहे. माझ्या आजोबांची बंदूक आईच भरायची."

मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले. नळी तेवढी सरळ धरली होती, तोंड वर करून. भरलेली बंदूक तशीच धरायची असते.