अनुमोदक गायधनी

श्रीपती गायधनी यांनी आयुष्यात स्वतःहून एकही सूचना मांडली नाही. अनुमोदनं मात्र इतकी दिली, की दोहातल्या मराठी माणसांच्या सह्यकडा मित्रमंडळाच्या सभेत कुणी "मी अशी सूचना मांडतो की..." म्हणून श्वास घ्यायला थांबलं, तरी मागच्या खुर्चीवरून "माझं अनुमोदन!" असा आवाज येई. अध्यक्ष निवडायचा असो, कोजागिरीला मसाला दूध की पावभाजी हा वाद असो, गायधनींचं अनुमोदन ठरलेलं. एकदा तर त्यांनी एकाच बैठकीत दोन उलटसुलट सूचनांना अनुमोदन दिलं, आणि दोन्ही बाजूंनी त्यांचे आभार मानले. कार्यकारिणीवरचं त्यांचं सदस्यत्व या एका गुणावर वर्षानुवर्षं बिनविरोध चालत आलं होतं.

नोकरीही त्याच गुणावर टिकली. नाशिकचा हा इंजिनियर दोहाच्या वेस्ट बे भागातल्या ज्या कंपनीत होता, तिथे साहेब बदलले, साहेबांचे देश बदलले. गायधनींची मान तीच राहिली आणि ती हलायची दिशाही तीच. घरी मात्र त्यांचं अनुमोदन कुणी मागत नसे. बायको नयना सगळं आधीच ठरवून मोकळी होई, आणि मुलगी गार्गी त्यांच्या मराठीला मोबाइलमधून डोकं वर न काढता इंग्रजीत उत्तर देई.

अशा माणसाला या हिवाळ्यात आमदारकी मिळाली.

झालं असं, की गार्गीच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी नाटक बसवलं. शाळा अमेरिकन पद्धतीची, तेव्हा नाटकात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका राज्याचं विधिमंडळ. (राज्य कुठलं, हे गायधनींना शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही.) सदस्य व्हायचं होतं पालकांनी. बाकीच्या बापांनी साइटवरच्या कामाची सबब सांगितली. "बाबा will do it," असं गार्गीने परस्पर कळवून टाकलं आणि गायधनींनी अर्थातच अनुमोदन दिलं.

नाटकाची गोष्ट सरळ होती. एका कृष्णवर्णीय लोहाराने विधिमंडळाकडे अर्ज केलाय, की शाळेसाठी माझा कर चालतो, मग माझी मुलगी का चालत नाही? नाही म्हणायची कुणाची छाती नसते. म्हणून एक बेरकी सदस्य सुचवतो, अर्ज समितीकडे पाठवू, सवडीने बघू. त्यावर गायधनींनी उठून गर्जायचं होतं, "महोदय, समिती म्हणजे आड आहे! ज्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, तो माणसाला त्या आडात ढकलतो आणि काठावर उभा राहून म्हणतो, दोर शोधतोय!"

घरी तालीम करायची सोय नव्हती, कारण नयनाने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग गायधनी अल मन्सूरा भागात कासम परकारच्या वाणसामानाच्या दुकानात गर्जू लागले. कासम रत्नागिरीचा. कोकम, जाडे पोहे, कुळथाचं पीठ, जे दोहात मिळत नाही असं आपण म्हणतो ते सगळं त्याच्याकडे मिळतं. मंडळाच्या गणपतीला मोदकाची पिठी दर वर्षी त्याच्याच दुकानातून जाते, आणि ती पोचवायला तो स्वतः येतो, चपला बाहेर काढून. शाळेतून आल्यावर त्याची मुलगी हनिया गल्ल्यामागे अभ्यास करत बसे. गायधनी इंग्रजीत गर्जत आणि मग बापलेकींना कळावं म्हणून तेच मराठीत सांगत. हनियाला इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं येत होतं, पण ती मुकाट ऐकून घ्यायची. कासम मात्र रोज डोळे पुसायचा.

"लोहाराचा काय झाला मग?" त्याने एकदा विचारलं.

"ते नाटकात नाही," गायधनी म्हणाले. "माझं भाषण झालं की पडदा."

प्रयोग दणक्यात झाला. चिकटवलेले कल्ले, काळी उंच टोपी आणि टेबलाशेजारी पितळी पिकदाणी. त्या काळी तिकडचे आमदार सभागृहात तंबाखू चघळत, हे कळल्यावर गायधनींना अमेरिका एकदम घरची वाटू लागली. भाषणाला टाळ्या थांबेनात. गार्गीने कधी नव्हे ते बापाला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा टोपीतला फोटो झळकला, खाली 'माननीय सदस्य'. ऑफिसातला इजिप्शियन सहकारी त्यांना 'सिनेटर' म्हणू लागला, तर हे त्याला चहा पिता पिता वरचं आणि खालचं सभागृह समजावून सांगत. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस खाली बघत नाही.

आणि त्याच आठवड्यात मंडळाची बैठक आली.

बैठकीपुढे कासम परकारचा सदस्यत्वाचा अर्ज होता. त्याला पद नको होतं की मान नको होता. मंडळाच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत हनियाला बोलायचं होतं आणि स्पर्धा फक्त सदस्यांच्या मुलांसाठी होती. नियम एवढाच, एक सूचक हवा, एक अनुमोदक हवा. सूचक म्हणून कार्यकारिणीतली नीता उभी राहिली. "अहो, आपली पोरं मराठीत पाणी मागत नाहीत आणि ही भाषण करायला तयार आहे," ती म्हणाली. "मी कासमभाईंचं नाव सुचवते."

सगळ्यांच्या माना सवयीने मागच्या खुर्चीकडे वळल्या.

गायधनींना घशाशी शब्द आलेला जाणवला. पण त्याच वेळी त्यांना अध्यक्ष सुरेशचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ज्या चेहऱ्यावर काहीच नसतं त्याला गायधनी फार घाबरत. ते हातातला समोसा उलटासुलटा करून बघू लागले.

"कासमभाई आपलेच आहेत हो," सुरेश गोड आवाजात म्हणाला. "प्रश्नच नाही. पण उद्या कुणीकुणी येईल, पायंडा पडतो. मी सुचवतो, एक उपसमिती नेमू. स्पर्धेनंतर सवडीने बघू."

"माझं अनुमोदन!" गायधनी म्हणाले.

तोंडातून शब्द सुटला आणि मग कानांनी ऐकला. नीताने त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बिचारे गायधनी, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. कणा सगळ्यांनाच मिळतो. यांनी तो वाकवायलाच वापरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दुकानात गेले. वाटेत मेट्रोत त्यांनी सारवासारव पाठ केली होती: पुढच्या वर्षी नक्की, तांत्रिक अडचण, इन्शाल्ला. पण ते तोंड उघडायच्या आतच कासमने चहा पुढे केला. त्याला सगळं कळलं होतं. अल मन्सूरात बातमी चहापेक्षा लवकर पोचते.

"बसा, साहेब. जरा ऐकून जावा," कासम म्हणाला. "स्पर्धेसाठी पोरीने तुमचाच भाषण घेतलान होता. मराठीत. वाया कशाला घालवायचा? हनिया, बोल गो."

हनिया गल्ल्यामागून पुढे आली. तिने ओढणी सारखी केली, हात जोडले आणि मसाल्याच्या पाकिटांसमोर उभी राहून बोलू लागली. एकही शब्द अडला नाही. गायधनींच्या आवाजात जे नुसतं गरजलं होतं ते तिच्या तोंडी शांतपणे आलं आणि जास्त लागलं. "जो काठावर उभा राहून म्हणतो, दोर शोधतोय," ती म्हणाली आणि थांबली. गायधनींच्या हातातला चहा निवला होता.

"बरोबर बोलली ना?" कासमने विचारलं.

गायधनींचे डोळे भरून आले होते. ते पाणी खोटं नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कासमभाई, माझं अनुमोदन आहे."

कासमने पोह्यांची पिशवी वजनकाट्यावर ठेवली.

"सभा काल झाली, साहेब," तो म्हणाला. "पोहे नेहमीचेच देऊ?"