आईनं पूजलेला सर्व्हर

झेंडूचा वास आला की तो दसरा आठवतो. बाबा गेल्यावर त्यांचे फोटो, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं मी परक्या कंपनीकडे नको म्हणून शंकर नगरच्या घरातच, जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून त्यात ठेवलं होतं. दुसरी कॉपी नव्हती. घरातल्या यंत्रांची पूजा करताना आईनं विचारलं, "याच्यातच तुह्ये बाबा हायेत ना?" मी "हव" म्हणेस्तोवर तिनं हळदकुंकू लावून फुलानं भरपूर पाणी शिंपडलंही. आत चट्ट आवाज झाला, डब्यावरचा लुकलुकणारा दिवा विझला. "बंद काहून झाला?" "दसऱ्याचा आराम करून राहिला," मी म्हटलं. त्यातलं काहीच परत मिळालं नाही, हे तिला कधी सांगितलं नाही. काल, यंदाच्या दसऱ्याला, तिनं त्याच बंद डब्याला कोरडं कुंकू लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाणी नाही शिंपडलं बरं."