पानी पाजता का जी?

“पानी पाजता का जी?”

चौदा एप्रिलला, घटनेच्या शिल्पकारांच्या जयंतीला, सकाळी फाटकाशी ही हाक आली की समजायचं, टेलरमास्तर आले. मुलांनो, तुमच्या तिकडे परदेशात समतेच्या नावाने जी सुट्टी असते, तिला घरी काय करावं, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मला मास्तरच आठवले.

खामगावात आमच्या शाळेचे गणवेश ते शिवत. कानावर खडू, गळ्यात टेप. जयंतीला मात्र टेप घरी ठेवून, पांढरे इस्त्रीचे कपडे घालून, बायको, सून, नातवंडं अशी फौज घेऊन निघत. आधी वंदना, मग खीर, आणि मग त्यांचा स्वतःचा नेम: गल्लीतल्या अशा एका घरी जायचं, जिथलं पाणी आजवर प्यायलो नाही. त्यांच्या वडिलांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत. “गल्लीतलं एकबी घर राह्यलं नाही पाह्यजे,” एवढीच मास्तरांची इच्छा.

माझ्याकडे आले तेव्हा मी कपाटातले काचेचे ग्लास काढले, पुसले, ट्रेवर विणलेला रुमाल घातला. कोणी हात लावेना.

“हे कोनाचे गिलास व्हय, मॅडम?”

“पाहुण्यांचे.”

“तुमी कायच्यात पेता?”

मी माठावरच्या स्टीलच्या पेल्यांकडे बोट दाखवलं.

“मंग आमाले त्यातच द्या. वेगळं भांडं लय पाह्यलं आमच्या बापानं.”

मुख्याध्यापिका होते मी, पण कान तापले. पेले चारच. सगळे आळीपाळीने प्यायले. मास्तरांच्या वाट्याला तुमच्या आजोबांचा पेला आला, लग्नातला, नाव कोरलेला. “साहेब, आज तुमी तहानलेलेच,” ते म्हणाले. आजोबांना हसता हसता ठसका लागला, आणि पेला मास्तरांच्या हातात.

समोरच्या काकू एकट्या राहत. सोवळं कडक. मास्तर दर वर्षी त्यांच्या फाटकाशीही थांबत.

“पानी पाजता का जी?”

“घरात कोणी नाही,” काकू स्वतःच आतून सांगत.

“हाव काकू. कोनी आलं की सांगजा. पुढल्या साली येतो.”

नातवंडं खुदखुदत, मास्तर डोळे वटारत. एकदा मी विचारलं, “राग नाही येत?”

“येते ना मॅडम. पन रागानं घरी बसलो त त्याईले बरंच पडन.”

हळूहळू बाकीची सगळी घरं झाली. काकूंचं तेवढं उरलं. मास्तरही थकत चालले होते. एका वर्षी नेमका जयंतीलाच त्यांचा घसा बसला. ते काकूंच्या फाटकाशी नुसतेच उभे राहिले, दुसऱ्या कोणाला हाक मारू देईनात. आत काकू उत्तर तयार ठेवून बसलेल्या. हाक येईना. शेवटी काय झालं ते बघायला त्या दार उघडून बाहेर आल्या, तर समोर मास्तर. आता घरात कोणी नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

काकू आत जाऊन लोटा आणि फुलपात्र घेऊन आल्या. सवयीने त्यांनी लोटा उंच धरला. मास्तरांनी ओंजळ केली नाही. मी माझ्या फाटकाशी उभी राहून पाहत होते. काकूंनी लोटा खाली घेतला, फुलपात्र भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. मास्तर तोंड लावून, सावकाश प्यायले.

“गोड हाय,” घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“नळाचंच आहे,” काकू म्हणाल्या. “अजून देऊ?”

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. गल्लीतली घरं तर संपली, म्हणून यंदा त्यांची सून, नातवंडं, काकू आणि मी पलीकडच्या कॉलनीत गेलो. काकू काठी टेकत पुढे. एका नव्या बंगल्याशी थांबून त्यांनी हाक दिली, “पानी पाजता का जी?” अगदी मास्तरांच्या चालीत.

आतून उत्तर आलं, “घरात कोणी नाही.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी आपटून मोठ्याने म्हणाल्या, “हाव. कोनी आलं की सांगजा. पुढल्या साली येतो.”