रंगनाथकाकांच्या चुका

लोकांच्या चुका बघण्याचा पगार मिळतो, असं अदिबाने नामपूरला घरी सांगितलं, तेव्हा तिच्या अम्मीला वाटलं पोरगी पोलिसात लागली. तसं काही नव्हतं. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती. ही कंपनी वेबसाइट बनवायची आणि बाजारात आणण्याआधी साध्यासुध्या माणसांना वापरून बघायला द्यायची. माणसं आपापल्या घरी बसून ती वापरायची, त्यांचा स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड व्हायचा, आणि ते रेकॉर्डिंग अदिबाकडे यायचं. कोण कुठे अडलं, कुणाला कुठलं बटण सापडलं नाही, कोण वैतागून उठून गेलं, हे तिने टिपून कळवायचं. त्यावरून साइट सुधारायची.

काम नाशिक रोडच्या भाड्याच्या खोलीतूनच चालायचं. तलाक झाल्यावर ती माहेरी फार टिकली नाही. भाऊ सरफराज वाईट नव्हता, पण त्याच्या घरात ती पाहुणीच होती, आणि पाहुण्याने किती राहावं यालाही काही सुमार असतो. इथे कुणाला जाब द्यावा लागत नव्हता. विचारपूस करणारंही कुणी नव्हतं. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द बोलले की दिवसभराचं बोलणं संपलं. मग कानाला हेडफोन आणि कानात परकी माणसं. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी व्हायची, कुणाची सून धुसफुसत असायची. अदिबाला कितीतरी घरांतलं सगळं माहीत होतं आणि त्यातल्या एकालाही अदिबा माहीत नव्हती. दुसऱ्या कुणाला याने वेड लागलं असतं. हिला बरं वाटायचं, कारण निदान खोलीत आवाज असायचा.

त्यात रंगनाथकाका आले. सायखेड्याकडच्या शेतकऱ्यांची भाजी शहरात घरपोच देणारी एक साइट तेव्हा तयार होत होती. वापरून बघणाऱ्यांना सूचना असायची, की मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. बहुतेक लोक एकदोनदा घसा खाकरतात आणि गप्प बसतात. भिंतीशी बोलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. काकांनी मात्र ती सूचना फारच मनावर घेतली.

"नमस्कार ताई," त्यांनी सुरुवात केली. पलीकडे कुणीतरी ताईच असणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "मी रंगनाथ. मूळचा सायखेड्याचा. नोकरी इथंच नाशिक रोडला झाली, आता रिटायर हाय. बरं, ही मेथी. ही कालची हाय ताई, फोटोत बी कळतंय. आमच्या बयाबाईनं हिला हात लावला नसता."

बयाबाई म्हणजे त्यांची बायको. ती वारल्याचं वांग्यांच्या पानावर कळलं. मुलगा परदेशात असतो, फोन करतो आणि घाईत असतो, हे पैसे भरायच्या पानावर. पत्त्याच्या पानावर तर कमालच झाली. तिथे कुठलाही खोटा पत्ता टाका असं स्पष्ट लिहिलेलं होतं. "खोटा कसा टाकू? भाजी आणणारा बिचारा उन्हात फिरत बसंल ना," असं म्हणत काकांनी खराखुरा पत्ता टाकला. वर खूणही दिली, पिठाच्या गिरणीच्या वर. अदिबा दचकलीच. ती गिरणी तिच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे होती. ती तिथूनच दळण आणायची.

पण भेटायचं नव्हतं. रेकॉर्डिंग बघणाऱ्याने त्यातल्या माणसाशी ओळख काढायची नाही, ही कंपनीची अट होती. खरं सांगायचं तर ती अट अदिबाच्या पथ्यावरच पडली. एकटं राहून राहून माणसाला दुसऱ्याचं दार वाजवायची भीती वाटायला लागते. रेकॉर्डिंगमधला माणूस निदान उलट प्रश्न तरी विचारत नाही.

काका फार अडायचे, म्हणून कंपनीचे लाडके झाले. जो पटकन शिकतो त्याला पुन्हा बोलावत नाहीत. सरावलेल्या माणसाकडून साइटचे दोष कळत नाहीत, आणि हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. काका काही केल्या सरावत नव्हते. पानाच्या तळाशी असलेलं 'पुढे जा' बटण तर त्यांना कधीच दिसायचं नाही. दर मंगळवारी नवं रेकॉर्डिंग, दर मंगळवारी तीच शोधाशोध. शेवटी अदिबाचे साहेब, योगेश सर, यांनी ते बटण उचलून पानाच्या वरच्या कोपऱ्यात नेलं.

एका दुपारी अदिबाने जुना एक तुकडा हळू करून पाहिला. स्क्रीनवरचा बाण सरळ त्या बटणावर गेला होता, पायाखालची वाट असल्यासारखा. तिथे जरासा थांबला, मागे फिरला आणि मग पानभर भटकत राहिला. "कुठं गेलं म्हनायचं हे," काका म्हणत होते. तिने आधीची रेकॉर्डिंग काढली. सगळीकडे तेच. काका चुकत नव्हतेच. चुकायचं सोंग करत होते, आणि तेही कच्चं. भाजीवाल्याची पायपीट नको म्हणून खोटा पत्ता न टाकणारा हा माणूस!

का, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. हे तिने त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तिने 'वापरणारा अडला' एवढंच लिहिलं आणि मोकळी झाली. कळवलं असतं तर ते "नमस्कार ताई" बंद झालं असतं. अलीकडे ती रिकाम्या खोलीत त्याला उत्तरही द्यायला लागली होती.

काही आठवड्यांनी भागीबाई नावाची एक बाई आली. तिने फोनवर भाजी झपाझप निवडली, दरांबद्दल शेरेही मारले आणि अडली ती त्या बटणापाशी. तिचं बोट पुन्हा पुन्हा पानाच्या तळाशी जायचं, जिथे बटण आधी होतं आणि जिथे ते असायलाच हवं होतं. वर बघायचं तिच्या मनातच येईना. "नाय जमत मला," ती म्हणाली. "लेक म्हनती तेच खरं. माझ्या डोक्यात काय शिरतच नाय." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं, आणि त्यात ती बाई नाक ओढत होती.

अदिबाने हेडफोन काढून ठेवला. तिला स्वतःची चीड आली. काकांनी सोंग केलं, आपण झाकलं, आणि स्वतःला अडाणी समजून रडत होती ती भागीबाई. तिने योगेश सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले, सर."

"मग बोलली का नाहीस?"

काय सांगणार? घर खायला उठतं, असं साहेबाला सांगतात का? "चुकलं, सर," एवढंच ती म्हणाली. सर ओरडले नाहीत. बटण पुन्हा तळाशी आलं. काकांचं नाव यादीतून गेलं. आभाराचा मेसेज गेला असेल, तो सगळ्यांना सारखाच जातो.

पुढच्या मंगळवारी कॉलेजातल्या एका पोराचं रेकॉर्डिंग आलं. त्याने अवाक्षर न काढता सगळं बिनचूक केलं. अदिबाने ते संपेपर्यंत पाहिलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. तिने कसेबसे काही दिवस काढले, आणि एका सकाळी दळणाचा डबा न घेताच गिरणीचा रस्ता धरला. काका आता यादीत नाहीत, म्हणजे अटही उरली नाही, असं मनाला बजावत ती जिना चढली.

आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा काका बरेच लहानखुरे होते. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. "कोन पायजे?"

"काका, मी अदिबा. तुमची रेकॉर्डिंग मी बघायचे."

ते बघतच राहिले. "म्हंजे, खरंच कोनी व्हतं?"

"हो."

"समदं ऐकलं?"

"सगळं ऐकलं. तुम्ही मुद्दाम चुकायचात, ते पण कळलं. मीच कळवलं कंपनीला."

काकांनी पंच्याला हात पुसले. हात कोरडेच होते. "ते बरोबर केलं," ते म्हणाले. "खोटं ते खोटंच. मला आपलं वाटलं, त्यात कुनाचं काय जातंय." मग त्यांनी विचारलं, "कुठून आल्या तुम्ही? पुन्याहून?"

"नाही काका. इथेच राहते. दोन गल्ल्या पलीकडे, ती निळी टाकी दिसते ना, तिथे."

काकांनी तिच्या हाताच्या रोखाने पाहिलं. टाकी त्यांच्या दारातून अगदी स्वच्छ दिसत होती.

"एवढ्या जवळ," ते म्हणाले. "आन् मी बयाबाई गेल्याचं त्या मशिनला सांगत बसलो व्हतो."