आईच्या उपवासकाळातल्या गोळ्या

नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया." म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. रुग्ण माझी आई, वय चौऱ्याहत्तर. दीड महिना आम्ही त्याला अशक्तपणा म्हणत होतो.

"या वयात जोरदार केमो झेपणार नाही. आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज प्रेडनिसोलोन देऊ."

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जे हार्मोन बनवतात, त्याच जातीचं औषध. या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात. पण ते बाहेरून मिळू लागलं की ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात, म्हणून गोळी एकाएकी बंद करायची नाही, रक्तदाब कोसळू शकतो. हे डॉक्टरांनी मला सांगितलं. आईला मी एवढंच बजावलं, रिकाम्या पोटी घ्यायची नाही, न्याहारीनंतरच.

औषध लागू पडलं. आजाराने मानेत आलेल्या गाठी उतरल्या. भूक मात्र इतकी वाढली की भाकरी मागताना आई शरमायची. "पोटात सैतान बसलाय माज्या," म्हणायची. मी हसायचे.

ती बेलापूरला माझ्या भावाकडे, मी श्रीगोंद्याला नोकरीवर. रोज फोन करायचे. "गोळ्या चालू आहेत ना?"

"तू सांगितलंस तसंच चाललंय."

राखेच्या बुधवारनंतर पाचव्या दिवशी ती न्हाणीत कोसळली. रक्तदाब लागत नव्हता.

"स्टेरॉइड कधी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद केलेलंच नाही," मी ठणकावलं.

सलाईन आणि इंजेक्शनने आई शुद्धीवर आली. "उपवासकाळ हाय बाई. न्याहारीच न्हाई, मग गोळी कुठली? तूच म्हनलीस, उपाशीपोटी न्हाई."

आमचं घर पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की ईस्टरपर्यंत आई सकाळी काही खात नाही, हे मला लहानपणापासून माहीत. गोळ्यांच्या वेळा ठरवताना आठवलं नाही.

रक्तदाब सावरला, पण आजार उसळला. गोळ्या चुकल्या नसत्या तर? "सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. खोटं समाधान दिलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तुमच्या घरी हे औषध चालू असेल तर रोजा, एकादशी, उपवासकाळ, जे असेल ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि गोळी का चुकवायची नाही, ते रुग्णालाच समजावा.

फादर वॉर्डात आले. "आजाऱ्याला उपवास नसतो, मावशी."

"आता सांगताय व्हय?" आई म्हणाली.

मी चहात पाव बुडवून भरवला. तीन घास घेतले, चौथ्याला तिने मान वळवली. "ऱ्हायलेला तू खा. तुज्या पोटात काय न्हाई सकाळधरनं."

तिच्यासमोर बसून मी तो पाव संपवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.