मागून आणलेल्या तुकड्यांची गोधडी

गाडी जुंपली तेव्हा आई रडली नाही. आक्का, तू रडलीस, आणि धाकटी तर चाक धरून बसली होती. आईने ओटी भरली आणि एवढंच म्हणाली, "जिथं चूल पेटवशील ते तुझं घर. मागं बघू नकोस." मी कुठली ऐकतेय! नदीच्या उतारापर्यंत मान मोडेस्तोवर मागेच बघत होते. पुढे आगगाडीने महू, आणि तिथून पुन्हा बैलगाडीने धार. ह्यांना राजाच्या पागेत चाकरी लागली म्हणून गावाने आमचा हेवा केला होता.

त्या हेव्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी दोन लेकरं धारला गेली. मुलगी तापाने गेली. मुलगा कशाने गेला ते वैद्यालाही सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. पोटावर हात ठेवायलासुद्धा मी धजत नव्हते.

आपल्याकडे रीतच आहे. जिची मुलं जगत नाहीत तिने जगत्या मुलांच्या घरी पदर पसरावा, त्यांच्या अंगावरचं जुनं मागून आणावं आणि त्याची गोधडी शिवावी. मागून आणलेल्याला दृष्ट लागत नाही. आई म्हणायची, "तुकडा जेवढा लहान, तेवढी घरं जास्त." मला तिच्यासारखीच शिवायची होती. मधला चौकोन आपल्या रक्ताच्या माणसाकडचा, भोवती तळहाताएवढे तुकडे, चौकटीबाहेर चौकट, आणि सगळ्यावरून तांदळाएवढा टाका. गावी असते तर आपल्या आळीतच सगळं जमलं असतं. आईने माझ्यासाठी गाठोडं जमवलंही होतं. पण प्लेग आला, गाव रानात जाऊन राहिलं, आणि घरं साफ करणाऱ्यांनी ते गाठोडं पेटवून दिलं. दादाचा निरोप ऐकला तेव्हा मी चुलीपुढे होते. भाकरी करपली तरी हात हलला नाही.

मग मी धार पालथी घातली. आधी आपली मराठी घरं धरली. दरबारातल्या एका बाईसाहेबांनी कोरी मलमल पुढे केली. "जुनेरं काय मागतेस गं भिकारणीसारखी?" अहो, भिकारणीसारखंच मागायचं असतं ते! दुसरीने मुलाला आत ओढून दारच लावलं. त्याच्या कापडाबरोबर त्याचं आयुष्यही मी नेईन, ही तिची धास्ती. तिला तरी काय बोलू? दोन पुरलेली बाई मी, मलाच मी दारात उभं केलं नसतं. दूध घालणाऱ्या माळवी बाईने मात्र न मागता दिलं. "ले जा बई, म्हारा छोरा को झगल्यो हे. थारो भी जीवतो रेगो." ते झबलं मी डोळ्यांना लावून घेतलं. पण मधल्या चौकोनाला आपलं माणूस कुठून आणू?

देवासला ह्यांची थोरली बहीण होती. "तिकडे जाऊ नकोस," हे म्हणाले. का, म्हणून विचारलं तर घोड्याला खरारा करायला निघून गेले. मी भडकले. बायको नणंदेकडे जाते म्हणते आणि नवरा नको म्हणतो, हे नवलच! पागेची गाडी दाणा आणायला इंदूरला निघाली होती, तीत बसले आणि पुढे दुसऱ्या गाडीने देवास गाठलं.

देवासात राजे दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरल्या पातीचं राज्य, पलीकडे धाकट्या पातीचं. वन्संनी मला दोन्हीकडे फिरवलं. "माझी भावजय आहे, पदर पसरतेय," त्या म्हणायच्या, आणि बायका मुकाट्याने अंगडी-टोपडी घालायच्या पदरात. निघताना मी त्यांच्याच पुढे पदर धरला. "वन्सं, मधला चौकोन तुमच्या बाळूचा हवा."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने लाल अंगडं घेऊन आल्या.

"बाळू कुठं दिसला नाही तो?"

"आत्याकडं गेलाय गं, उज्जैनला," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी येऊन मी ते अंगडं मधोमध लावलं आणि शिवत सुटले. दोन चौकटी पुऱ्या झाल्या. एका दुपारी हे जेवायला आले, गोधडीकडे पाहिलं आणि ताटावरून उठले. "हे बाळूचं. बारशाला मीच बाग गावच्या छिप्याकडून छापील कापड आणलं होतं." मग सगळं सांगितलं. बाळू पावसाळ्यातच गेला होता. दोन जिवांच्या बाईला असलं सांगू नये, म्हणून सगळे गप्प होते.

मी सुई घेऊन उसवायलाच बसले. वन्संना तोंडाला येईल ते बोलले. माझ्या लेकरावर गेलेल्याचं पांघरूण घालतात? काही टाके तोडले आणि हात अडखळला. वन्संनी अंगडं द्यायला नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. मला कळू नये म्हणून त्या बाईने आपल्या मुलाचं अंगडं काढून दिलं होतं. ठेवावं तर पोटातल्याची धास्ती, काढावं तर तिच्या तोंडावर मारल्यासारखं. देवाला विचारलं, तो कधी बोललाय? शेवटी तोडलेले टाके पुन्हा घातले. भीती गेली म्हणून नाही. भीत भीतच घातले.

मुलगा झाला आणि तो जगला. आता पागेत घोड्यांच्या पायांतून हिंडतो, मी मराठीत विचारलं तर माळवीत उत्तर देतो. पण पहिला महिनाभर त्याचा श्वास मी कान लावून ऐकत होते.

बारशाला वन्सं आल्या. पाळण्यावर वाकल्या आणि त्यांचा हात त्या लाल चौकोनावर थांबला.

"उसवलं नाहीस?"

"नाही."

त्या तिथेच खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. सासरी सासूने म्हणे डोळ्यांतून पाणी काढू दिलं नव्हतं. बारशाच्या घरात रडतात का, म्हणून बायका त्यांना उठवायला लागल्या. मी आडवी आले. "रडू द्या. माहेरी आल्यात त्या."

बोलून गेले, आणि मग कळलं मी काय बोलले ते. आक्का, दर निरोपात तू म्हणतेस, परत ये, घर तुझंच आहे. माझी दोन लेकरं इथल्या मातीत आहेत. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची आई, गेल्यापासून वन्संना रडायला माझ्याखेरीज दुसरं दार नाही. ते दार लावून मी कशी येऊ?